शास्त्रातील गंधसरू व उघड्या बीजांची झाडे

शलमोनाने मंदिरासाठी लबानोनातील गंधसरू आणविले, हे आपण १ राजे ५ व्या अध्यायात वाचतो. तो वृक्ष कसा असतो, असे मुलांनी विचारले असता पुष्कळ शिक्षक सुरूचे झाड दाखवितात. हे बरोबर नाही. सुरूचे बोंड शंकूसारखे दिसते खरे, परंतु त्यास बारीक फुले येतात व त्याचे बीज फळात झाकलेले असते. गंधसरू अनावृतबीज वर्गातील आहे. ह्या वर्गास खरी फुले व फळे नाहीत. बीज बहुधा शंकूच्या खवल्यावर उघडे वाढते, व पराग बहुतकरून वारा वाहून नेतो.

आपल्या सातपुड्यात साग, अंजन व सलई आहेत. देवदार व चीड हिमालयातील. तथापि बागेतील मोरपंखी ह्याच वर्गातली होय. तिची बोंडे उकलून मुलांस दाखवावी. देवदार हा गंधसरूचा जवळचा आप्त. त्याचे सुवासिक, तेलकट लाकूड लवकर कुजत नाही. चीड वृक्षाच्या चिकापासून राळ व टर्पेंटाइन निघते. टर्पेंटाइन कोणासही पाजू नये. बागेतील सायकसचे कच्चे बीही विषारी आहे. मुलांस त्यापासून जपावे. जो शिकवितो त्याने आधी नीट पाहावे.