गच्चीवरील बागेसाठी स्वस्त सेंद्रिय खत

प्रश्न : चिंचवडमध्ये गच्चीवरील बागेसाठी विकतचे खत परवडत नाही. कंपोस्टचे साहित्य स्वस्तात कोठे मिळेल?

उत्तर : कंपोस्ट, म्हणजे सूक्ष्मजीवांनी कुजवून मातकट केलेला सेंद्रिय पदार्थ, उत्तम होण्यासाठी कच्च्या मालात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारणतः 25 ते 30 भागांस 1 असावे लागते, स्वयंपाकघरातील ओला कचरा नत्र पुरवतो, घरी तुटवडा पडतो तो कर्बाचा, आणि तोच शहरात बहुधा फुकट मिळतो. त्याचा सर्वोत्तम स्रोत म्हणजे रसवंतीगृहातील उसाची चिपाडे, जी मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरील शेतीत वापरली. चिपाडे बोटभर लांबीची तोडून, उरलेली साखर आंबू नये म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून निथळावीत आणि ओल्या कचऱ्यात थोड्या शेणासह मिसळावीत; मिश्रण मुठीत दाबल्यास एखादाच थेंब गळावा, इतकीच ओल ठेवावी. सोसायटीतील पालापाचोळा आणि दोरा काढलेले निर्माल्यही चालते. चाकण पट्ट्यातील पॅकिंगच्या लाकडाचा भुसा मात्र टाळावाच, कारण त्यात प्लायवुडचा डिंक वा कीडरोधक रसायने असू शकतात. खत काळसर, भुसभुशीत होऊन त्याला ओल्या मातीचा वास येईपर्यंत ते कुंडीत घालू नये, कारण अर्धकच्चे खत मुळांजवळचे नत्र स्वतःच ओढून घेते.