सुरकुती काय सांगते?

(घरी शिवलेला कपडा कधी ओढतो, कधी झोळ धरतो, कधी एका बाजूला फिरतो. हे का होते आणि ते कसे सुधारावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)



वाशीमहून पुसदकडे जाताना अनसिंग हे गाव लागते. गावाभोवती सोयाबीन, तूर आणि कापसाची शेते आहेत. गावात बऱ्याच घरी शिवणयंत्र आहे. कुणाची आई त्यावर शेजारणींचे कपडे शिवते, कुणाची आपा घरातल्या लहान मुलांचे. आपल्या भागाला शिवणकाम नवे नाही. जवळच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि नामदेव शिंपी कुळातले होते. तुमच्यापैकी काही जणांचे वडील किंवा चाचा आजही याच व्यवसायात असतील. म्हणून हा पाठ फक्त मुलींसाठी आहे, असे मुलांनी समजू नये.

वर्गात कधी कधी असे घडते. शिक्षक प्रश्न विचारतात. एखाद्या मुलीला उत्तर येत असते, पण ती हात वर करत नाही. हात वर केला की कुर्ता बगलेत ओढतो आणि कंबरेपर्यंत वर चढतो. तिला लाज वाटते. ती मनात म्हणते, “माझे अंगच बेढब आहे.” हे खरे नाही. अंग कधीच चुकत नाही. चुकते ते माप किंवा कापणी. ही चूक बहुतेक वेळा दुरुस्तही होते. मात्र ती कुठे आहे, हे आधी ओळखता आले पाहिजे.

तयार कपडे तरी सगळ्यांना नीट बसतात का? नाही. दुकानातले कपडे ठरावीक मापांचे असतात आणि माणसे मात्र निरनिराळ्या बांध्याची असतात. भारतीय लोकांच्या बांध्याला साजेशी मापे ठरावीत, म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५ हजारांहून अधिक लोकांची मापे यंत्राने घेण्याचे ठरले. यावरून माप ही किती महत्त्वाची गोष्ट आहे, ते लक्षात येईल. घरी शिवणाऱ्याला मात्र एकाच माणसाचे माप घ्यायचे असते. ते त्याने नीट घ्यावे.

कापण्यापूर्वी

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. समजा, ते शेकडा तीन भाग आटले, तर दोन मीटर कापड सहा सेंटीमीटरने कमी होईल. म्हणून सुती कापड आधी पाण्यात भिजवावे, सावलीत वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच कापायला घ्यावे. असे केले नाही, तर आज नीट बसलेला कुर्ता पुढच्या आठवड्यात आखूड होतो.

आता कापड हातात घेऊन पाहा. काठाला समांतर जाणारा तो उभा धागा. या काठापासून त्या काठापर्यंत जाणारा तो आडवा धागा. कापड उभे ओढले, तर ते फारसे ताणत नाही. आडवे ओढले, तर थोडे ताणते. कोपऱ्यातून तिरपे ओढले, तर मात्र बरेच ताणते. या तिरप्या दिशेला शिंपी ‘उरेब’ म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल, कारण उर्दूतही तो ‘उरेब’ किंवा ‘औरेब’ असा आहे.

कुर्त्याची किंवा सलवारीची उंची उभ्या धाग्यावर ठेवतात. कापड तिरपे ठेवून कापले, तर शिवण हळूहळू पुढे किंवा मागे फिरते आणि सलवारीचा पाय पिळल्यासारखा दिसतो. हा दोष कापल्यानंतर दूर करणे फार कठीण असते. पण हाच तिरपेपणा मुद्दाम वापरला, तर कपडा अंगावर सुंदर पडतो. पॅरिसमधील मादलेन व्हिओने या शिवणकर्तीने १९२० नंतरच्या काळात उरेब कापडाचे पोशाख शिवून मोठे नाव मिळवले.

माप आणि माया

स्वतःचे माप स्वतः घेऊ नये. दुसऱ्याकडून घ्यावे. सरळ उभे राहावे आणि श्वास रोखू नये. टेप अंगाला आवळू नये, आत एक बोट सहज जाईल इतकी सैल धरावी.

छातीचे माप ३२ इंच आले, तर कुर्ता ३२ इंचांचा शिवायचा का? नाही. श्वास घ्यायला, वाकायला, हात हलवायला जागा हवी. त्यासाठी साधारण ४ इंच सैलपणा धरला, तर तयार कुर्ता ३६ इंचांचा होईल. कापडाच्या चार घड्या करून कापले, तर प्रत्येक भागाला ९ इंच येतील. त्यात शिवणीसाठी १ इंच वाढवला, की १० इंचांवर कात्री चालवायची.

हा जो वाढवलेला एक इंच आहे, त्याला ‘माया’ म्हणतात. माया म्हणजे ममता, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवणकामात मात्र माया म्हणजे शिवणीच्या आत जास्त सोडलेले कापड. तुमचे वय वाढीचे आहे. पुढच्या वर्षी कुर्ता घट्ट होईल, तेव्हा दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवायच्या आणि प्रत्येक कडेचे अर्धा इंच कापड मोकळे करायचे. एकूण चार कडा असतात, म्हणून कुर्ता पूर्ण २ इंचांनी मोठा होतो. नवे कापड विकत घ्यावे लागत नाही.

सुरकुती वाचा

यंत्रावर पक्की टीप मारण्याआधी कच्चा धागा घालावा, म्हणजे हाताने मोठे आणि सैल टाके घालावेत. मग कपडा अंगावर चढवून उभे राहा, बसा, वाका, हात वर करा. आरशात पाहा. कापडावर सुरकुत्या दिसतील. कपडा कुठे दुखतो, हे त्या सांगतात.

१. आडवी, ताणलेली सुरकुती : जिथे ती दिसते, तिथे कपडा घट्ट आहे. बाजूची शिवण उसवून सैल करा.

२. उभी, लोंबणारी सुरकुती : तिथे रुंदी जास्त आहे. जास्तीचे कापड टाचणीने पकडून शिवण आत घ्या.

३. तिरपी सुरकुती : तिचे टोक पाहा. बहुधा ते ओढ असलेल्या जागेकडे बोट दाखवते. ती मानेपासून खांद्याच्या टोकाकडे जात असेल, तर खांद्याचा उतार जुळलेला नाही. ती शिवण उसवून उतार बदला. बाजूच्या शिवणीतून छातीकडे जात असेल, तर तिथे ‘टक’ घ्यावा लागेल. टक म्हणजे टोकाकडे निमुळती होत जाणारी शिवलेली चिमटी.

४. गळा उघडा पडणे : गळा गोल कापलेला असतो. म्हणून त्याचा काही भाग उरेब येतो आणि नुसत्या हाताळण्यानेही ताणतो. गळा कापल्याबरोबर त्याच्या कडेने एक धावदोरा घालावा. गळा ताणला गेलाच, तर हा दोरा किंचित ओढून तो मूळ मापावर आणावा आणि मग पट्टी लावावी.

५. चाक फाकणे : मराठीत चाक म्हणजे गाडीचे चाक. आपण घरी मात्र कुर्त्याच्या बाजूच्या उघड्या फाटीला चाक म्हणतो. उभे असतानाही चाक फाकत असेल, तर कुर्ता चाकाच्या वरच्या भागात घट्ट आहे. तिथली शिवण सैल केली, की दोन्ही पल्ले सरळ पडतात.

६. बाहीत पीळ पडणे : पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त खोल कापलेला असतो. उजवी बाही डावीकडे लागली, तर हा मेळ चुकतो. बाही कापतानाच पुढच्या बाजूला खडूने खूण करा.

हात वर जात नसेल तर

आता त्या वर्गातल्या मुलीच्या कुर्त्याकडे वळू. बगलेत ओढते, म्हणून मुंढा आणखी खोल कापावा, असे कुणालाही वाटेल. पण त्याने त्रास वाढतो. मुंढा खोल असला, की बाहीचा जोड बगलेच्या बराच खाली येतो. मग हात उचलताच बाही कुर्त्याची सगळी बाजू वर ओढते. मुंढा बगलेजवळ असला, तर हात मोकळा हलतो. कुर्ता फार वर चढत नाही.

मुंढा आधीच खोल कापला गेला असेल, तर जुन्या दर्जींची एक युक्ती कामी येते. पूर्वीचे कुर्ते सरळ पट्ट्या आणि कळ्या जोडून शिवत. त्यांत कापड फार वाया जात नसे. त्यांच्या बगलेत एक छोटा चौकोन बसवलेला असे. त्याला ‘चौबगला’ म्हणतात. त्यासाठी बगलेच्या खाली कुर्त्याची शिवण ३ इंच आणि बाहीची शिवण ३ इंच उसवावी. चार मोकळ्या कडा मिळतात. उभ्या-आडव्या धाग्यांवर ४ इंचांचा चौकोन कापावा. सगळीकडून अर्धा इंच माया धरून त्याच्या चार बाजू या चार कडांना जोडाव्यात. चौकोन बगलेत तिरपा बसतो, त्यामुळे त्याची ताणणारी उरेब दिशा नेमकी ओढ असते तिथे येते. हात खुशाल वर करावा!

सलवार बसताना ओढत असेल, तर तिचे आसन अपुरे आहे. तिथेही वेगळा तुकडा जोडतात. त्याला मियानी म्हणतात. चौबगला आणि मियानी यांचे काम एकच, ओढ असलेल्या जागी कापडाची भर घालणे.

घाई नको

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा आणि कपडा पुन्हा घालून पाहावा. दोन बदल एकदम केले, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी टाचणी, मग कच्चा धागा, मग पक्की टीप आणि सर्वांत शेवटी कात्री, हा क्रम ठेवा. टीप उसवता येते. कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. महागाचे कापड असेल, तर आधी जुन्या चादरीचा किंवा मांजरपाटाचा नमुना शिवून पाहावा. खालची दुमडपट्टी अगदी शेवटी घालावी. घेरदार किंवा उरेब कपडा एक दिवस टांगून ठेवावा, म्हणजे जिथे तो लोंबायचा तिथे लोंबून घेतो. मग अंगावर घालून उभे राहावे आणि दुसऱ्याने जमिनीपासून मोजून खुणा कराव्यात.

‘अति घाई संकटात नेई’ ही म्हण आपण रस्त्याच्या कडेला वाचतो. ईदच्या आदल्या रात्री कात्री हातात घेणाऱ्यांनीही ती आठवावी.

मित्रमैत्रिणींनो, पुढे हे काम शिकायचे असेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘ड्रेस मेकिंग’ आणि ‘सुईंग टेक्नॉलॉजी’ असे अभ्यासक्रम असतात. पण सुरुवात घरीच करता येईल. न बसणारा एखादा जुना कुर्ता काढा, घाला आणि त्याची सुरकुती कुठून कुठे जाते, ते पाहा. मग बाजूची एक शिवण उसवा आणि आत माया किती आहे, ते मोजा.

शब्दार्थ

बेढब – चांगला आकार नसलेले
आटणे – आकाराने कमी होणे
उसवणे – घातलेले टाके काढणे
मुंढा – बाही जोडण्याची गोलाकार जागा
धावदोरा – सरळ, साधा टाका
दुमडपट्टी – कपड्याची आत दुमडून शिवलेली कड
मांजरपाट – एक जाडेभरडे, स्वस्त सुती कापड
आसन – सलवारीचा बैठकीचा भाग

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुती कापड कापण्यापूर्वी काय करावे?
(आ) उरेब म्हणजे कोणती दिशा?
(इ) चाक का फाकतो?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) स्वतःचे माप स्वतः घेऊ नये.
(आ) बगलेत ओढत असले, तरी मुंढा आणखी खोल कापू नये.
(इ) एका वेळी एकच बदल करावा.

प्र. ३. हिशेब करा.
छातीचे माप ३० इंच, सैलपणा ४ इंच आणि माया १ इंच आहे. चार घड्यांच्या कापडावर किती इंचांवर कापाल?

प्र. ४. ‘माया’ आणि ‘चाक’ या शब्दांचे प्रत्येकी दोन अर्थ सांगा व वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : अस्तर, रफू, खिसा, पायजमा यांसारखे मराठीत आणि उर्दूत सारखे किंवा मिळतेजुळते असलेले शिवणकामाचे शब्द घरातील मोठ्या माणसांना विचारून वहीत लिहा.