दयेची घाई

ज्येष्ठाच्या अखेरीस पावसाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या, की अलिबागेतील आमच्या आळीत जळणाच्या खोपटांतून, बंद घरांच्या माळ्यांवरून आणि विहिरीलगतच्या अडगळीतून मांजरीच्या पिल्लांचे आर्त ओरडणे ऐकू येऊ लागते, आणि ते ऐकून ज्याचे मन द्रवत नाही असा मनुष्य विरळाच. परंतु अशा द्रवलेल्या मनाने घाईघाईत जे केले जाते त्याने पिल्लांचे किती अकल्याण होते, हे मी अनेक पावसाळे जवळून पाहिले आहे आणि त्याच कळकळीने हे लिहीत आहे.

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. यातील आकडा अक्षरशः खरा मानण्याचे कारण नाही. पण धोक्याचा वास येताच ती मुक्काम हलवते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते आणि मागे उरलेली पिल्ले मधल्या काळात अनाथ वाटतात, हे मात्र यथार्थ आहे. शेजारच्या एका दयाळू कुटुंबाने खोपटात अशीच मागे राहिलेली दोन पिल्ले उचलून घरात आणली, त्यांना उताणे धरून चमच्याने गाईचे दूध पाजले, आणि दोन्ही दगावली; त्यांची आई रात्रभर त्या खोपटाभोवती घुमत, हाका मारत होती. त्या माणसांच्या हेतूत तिळमात्र खोट नव्हती, म्हणूनच ती गोष्ट मला विसरता येत नाही.

म्हणून प्रथम दूर उभे राहून पाहावे. पिल्ले गुबगुबीत, स्वच्छ आणि एकमेकांना बिलगून निजलेली असतील तर त्यांची आई जवळपासच आहे असे समजावे. ती येते की नाही याची रुजुवात करायची असेल, तर त्यांच्याभोवती पिठाची पातळ रेघ ओढून काही तासांनी पाहावे. पंजे उमटलेले दिसले तर आपल्या मदतीची निकड नाही, फार तर मांजरीसाठी थोड्या अंतरावर अन्नपाणी ठेवावे. उलट पिल्लू गार पडलेले, मळलेले, मुंग्या लागलेले आणि सतत ओरडणारे असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब लावू नये.

अशा पिल्लाला आधी ऊब आणि मग अन्न, हा क्रम कधीही चुकवू नये, कारण गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला द्यावी. गाई-म्हशीच्या दुधाने हगवण लागते. पशुवैद्यांकडे पिल्लांसाठी वेगळी दूधभुकटी मिळते, तीच आणावी, आणि पिल्लाला पोटावर ठेवून, मान किंचित उचललेली राहील असे धरून पाजावे, म्हणजे दूध फुप्फुसात जाण्याची भीती कमी होते. ज्यांचे डोळेही उघडलेले नाहीत त्यांना दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीसुद्धा. आणि तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना मलमूत्रविसर्जनही स्वतः होऊन करता येत नसल्यामुळे आई चाटून जे करते ते आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने करावयाचे असते.

खरी कसोटी त्यानंतरची. दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ मनुष्याचा परिचय होण्यास सर्वांत अनुकूल. त्यापुढे प्रत्येक आठवड्यागणिक भय मुरत जाते. आमच्याकडे आलेले एक तांबूस पिल्लू या मुदतीच्या काठावरचे होते. पत्र्याच्या ट्रंकेमागे भिंतीला पाठ लावून ते बसे, कान मागे पडलेले, शेपटी बाटल्या धुण्याच्या ब्रशासारखी फुललेली, आणि मी खोलीत पाऊल टाकताच त्याच्या इवल्याशा जबड्यातून अशी फिसकारी निघे की पाहणाऱ्याला तो क्रोध वाटावा. तो क्रोध नव्हता. पळायला वाट न उरलेल्या जिवाचे ते भय होते.

त्याला मी एक छोटी खोली दिली, तिथे एका बाजूला भोक पाडलेले खोके उपडे ठेवून लपण्याची मुभा दिली, आणि ठरल्या वेळी अन्न घेऊन जाण्याचा शिरस्ता पाळला. जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून बसावयाचे, डोळ्याला डोळा न भिडवता वर्तमानपत्र हलक्या आवाजात वाचावयाचे आणि चुकून दृष्टादृष्ट झालीच तर पापण्या सावकाश मिटून उघडावयाच्या, एवढाच माझा उद्योग. थाळी रोज थोडी माझ्याकडे सरके. एके संध्याकाळी काटे काढलेला उकडलेल्या बांगड्याचा कण बोटावर घेऊन मी हात जमिनीलगत ठेवला. त्याने मान लांब केली, मागचे पाय मात्र पळण्याच्या तयारीतच रोवलेले, आणि खरखरीत जिभेने तो कण टिपला. त्या वेळी त्याला उचलून घेण्याचा मोह अनावर होतो, आणि तोच आवरावा. पुढे ते आपणहून गुडघ्याला अंग घासू लागले, तेव्हाच मी त्याचा गाल आणि हनुवटी खाजवली. वरून डोक्यावर येणारा हात पिल्लाला घारीच्या झडपेचे भय दाखवतो.

आपल्या शास्त्रकारांनी शरणागतीचे वर्णन करताना मार्जारकिशोरन्याय सांगितला आहे, त्यात पिल्लू निश्चेष्ट होऊन आईच्या स्वाधीन होते. तो अधिकार आईचा. मनुष्याने मानगूट धरून पिल्लू लोंबकळवू नये; छातीखाली आणि मागच्या पायांखाली दोन्ही हातांचा आधार द्यावा. खेळताना बोटे पुढे करू नयेत, काठीला दोऱ्याने चिंधी बांधावी, आणि खेळ संपताच दोरा उचलून ठेवावा, कारण गिळलेला दोरा आतड्यांचा नाश करतो.

घरात आधीचे मांजर असेल तर नवागताला काही आठवडे वेगळे ठेवावे. लस न टोचलेल्या पिल्लांत पॅनल्यूकोपेनिया हा रोग झपाट्याने पसरतो आणि बहुधा प्राण घेतो. जंतांच्या औषधाची आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून लसींची तजवीज करावी. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पिल्लू वावरते त्या खोलीत फिनाईल वापरू नये, आणि पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. स्वतःला चावा किंवा ओरखडा बसला तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पिल्लू लहान आहे ही सबब तेथे कामाची नाही.

आणि पिल्लांच्या आईला विसरू नये. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि सुमारे नऊ आठवड्यांत दुसरी वीण येते. म्हणून पिल्ले अन्नाला लागली, की तिला पिंजऱ्यात घेऊन तिची नसबंदीची शस्त्रक्रिया करवून आणावी आणि तिच्या नेहमीच्या जागीच सोडावी. घरात राहिलेल्या पिल्लांचीही पाच-सहा महिन्यांची होताच तीच व्यवस्था करावी.