नोव्हेंबरची थंडी, लांब सावल्या आणि मुलांचा खेळ

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास मागे सरकतात. त्याच सुमारास आपल्या अनेक घरांत एक न बोललेला नियम लागू होतो: मुलांचं बाहेर खेळणं आता बंद, ते थेट एप्रिलपर्यंत. शाळा, गाडी, घर आणि टॅब्लेट एवढंच त्यांचं जग उरतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "गार वारा बाधेल, सर्दी होईल." व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजीही तेच बजावते.

लहान मुलाच्या आयुष्यात पाच महिने म्हणजे फार मोठा काळ. तो घरात घालवण्याआधी विज्ञान काय म्हणतं ते पाहू.

थंडीमुळे सर्दी होते का?

सर्दी विषाणूंमुळे होते. त्यातला मुख्य गट म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, म्हणून एकदा सर्दी झाली तरी पुन्हा होतेच. विषाणू नसेल तर नुसत्या गारव्याने सर्दी होत नाही.

मग गारवा विषाणूला मदत करतो का? या प्रश्नावर इथे ब्रिटनमध्येच बरंच काम झालं. सॉल्सबरीजवळ १९४६ साली सर्दीच्या संशोधनासाठी एक खास केंद्र सुरू झालं. तिथल्या एका छोट्या प्रयोगात स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं केलं, ओले मोजे घालायला लावले. गारठलेल्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही.

२००५ साली कार्डिफमध्ये मात्र वेगळा निकाल आला. ९० जणांनी वीस मिनिटं पाय थंड पाण्यात ठेवले, ९० जणांनी रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या १३ जणांनी, तर दुसऱ्या गटातल्या ५ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. विषाणूची तपासणी या प्रयोगात नव्हती. ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना, म्हणजे नाकाच्या आतल्या तापमानाला, जास्त चांगला वाढतो हेही माहीत आहे. उंदरांच्या पेशींवर येल विद्यापीठात झालेल्या २०१५ च्या कामात असं दिसलं की गारव्यात पेशींचा विषाणूविरोधी प्रतिसादही मंदावतो.

थोडक्यात, आजीचं म्हणणं पूर्ण टाकाऊ नाही. पाय ओले आणि अंग गारठलेलं ठेवू नये. पण विषाणू येतो कुठून? तो येतो दुसऱ्या माणसाकडून, आणि खिडक्या लावलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत तो सहज पसरतो. मोकळ्या मैदानावर श्वासातले थेंब वाऱ्याने विरून जातात. सर्दीच्या भीतीने मुलाला बंद खोलीत ठेवणं म्हणजे विषाणूच्या घरीच मुक्कामाला पाठवण्यासारखं आहे.

बाहेर काय मिळतं?

सर्वात मोठी गोष्ट म्हणजे उजेड. वर्गात किंवा दिवाणखान्यात साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. नोव्हेंबरच्या ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर तो काही हजार लक्स असतो. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून हा फरक जाणवत नाही.

वाढत्या डोळ्यांना तो जाणवतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास बाहेर घेतला. तीन वर्षांत त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांची लांबची नजर अधू झाली, तर उरलेल्या शाळांत सुमारे ४० टक्के. दिवसाला फक्त चाळीस मिनिटं, आणि तीही शाळेच्या पटांगणात!

एक गैरसमज इथेच दूर करू. "ड जीवनसत्त्वासाठी उन्हात पाठवा" हा सल्ला ब्रिटनच्या नोव्हेंबरला लागू नाही. सूर्य इतका खाली असतो की हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण वातावरणातच अडतात. म्हणून चार वर्षांवरच्या सगळ्यांनी शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असं इथली सरकारी आरोग्यसेवा सांगते. एक ते चार वर्षांच्या मुलांना ते वर्षभर द्यायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनीही वर्षभराचा विचार करावा, असा तिचा सल्ला आहे. खेळ आणि पूरक जीवनसत्त्व या दोन वेगळ्या गरजा आहेत.

गोधडीचं भौतिकशास्त्र

वीस किलोच्या मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस मीटर असतं. सत्तर किलोच्या मोठ्या माणसाचं सुमारे १.८. दर किलोमागे हिशोब केला तर मुलाची त्वचा मोठ्यांच्या दीडपट भरते. त्यामुळे शांत बसलेलं मूल आपल्या आधी गारठतं.

पण धावणाऱ्या मुलाचं गणित वेगळं. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेचा साधारण पाऊण भाग उष्णता बनतो. पकडापकडी खेळणारं पोर ही एक छोटी शेगडीच असते. बाकावर बसून त्याच्याकडे पाहणाऱ्या बाबांना थंडी वाजते म्हणून त्यालाही वाजत असेल, असं नाही.

कपड्यांचं तत्त्व आपल्या गोधडीत आहे. जुन्या साड्यांच्या पातळ थरांमध्ये हवा अडकते, आणि स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे:

- अंगालगत घाम बाहेर सोडणारा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा. सुती बनियन घाम धरून ठेवतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला सुती कपडा उलट गारठवतो.
- मध्ये स्वेटर किंवा फ्लीस.
- वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. वारा त्वचेजवळचा हवेचा उबदार थर उडवून लावतो. पारा ५ अंशांवर असताना ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर ० अंशांसारखी थंडी वाटते.

सोबत कानटोपी, हातमोजे, रबरी बूट आणि पिशवीत कोरडे मोजे हवेतच. मूल उबदार आहे का ते बोटं बघून ठरवू नका, मानेच्या मागे हात लावून बघा. मान घामट असेल तर एक थर काढा, गार लागली तर घाला. मूल कुडकुडू लागलं किंवा बोटं बधिर झाली असं म्हणालं, की घरी. दमा असलेल्या मुलांना थंड कोरड्या हवेने धाप लागू शकते. त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि इनहेलर जवळ ठेवा. वादळाचा इशारा असेल तेव्हा अर्थातच घरी थांबा.

वेळ कुठून काढायचा?

लंडनमध्ये नोव्हेंबरअखेर चारच्या आतच सूर्य मावळतो. शाळा सुटल्यावर आधी घरी गेलात तर उजेड संपलाच. म्हणून शाळेतून थेट मैदानावर जा. डब्यात एक लाडू आणि थर्मासमध्ये कोमट दूध ठेवा. वीस मिनिटंही पुरेशी आहेत. शनिवार-रविवारी अकरा ते दोन ही वेळ राखून ठेवा.

"जा, खेळ" म्हटल्याने मुलं जात नाहीत, काम दिलं की जातात. एक काम असं: नोव्हेंबरच्या शेवटी, ऊन असेल त्या दिवशी, बाराच्या जरा आधी स्वतःची सावली मोजायची. लंडनमध्ये सूर्य तेव्हा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो, त्यामुळे सावली उंचीच्या तिपटीहून लांब पडते. त्याच दिवशी आजीने पुण्यात साडेबाराच्या सुमारास गच्चीवर आपली सावली मोजायची. ती तिच्या उंचीपेक्षा थोडी कमीच भरेल. संध्याकाळी फोनवर दोघांनी आकडे जुळवायचे. पृथ्वी गोल आहे, तिचा अक्ष कललेला आहे आणि इथल्या उन्हात ड जीवनसत्त्व का मिळत नाही, हे तिन्ही धडे त्या दोन सावल्यांत आहेत.

आणि आजी काळजीने विचारेलच, "एवढ्या थंडीत बाहेर?" तेव्हा तिला निफाडची आठवण करून द्या. तिथे डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर उतरतो, आणि पोरं कानटोपी घालून सकाळी शाळेत जातातच. लंडनची नोव्हेंबरची दुपार बहुतेक वेळा त्याहून उबदार असते. तुमच्या मुलांच्या सावल्या किती भरल्या ते आम्हाला जरूर कळवा, गावाच्या नावासकट.