केळं फ्रीझरमध्ये टाकण्याआधी

गौरी-गणपतीत पाहुणे येतात ते हातात डझनभर केळी घेऊनच. विसर्जन झालं की ओट्यावर दोन-तीन फण्या उरतात, सालीवर काळे ठिपके पडू लागतात, चिलटं घोंघावायला लागतात आणि ‘वाया जायला नको’ म्हणून घरात सलग चार दिवस शिकरण होतं. ही केळी सोलून फ्रीझरमध्ये ठेवली तर चालतील का, असं बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे. खुशाल ठेवा. पण ती कुणासाठी ठेवताय, हे आधी ठरवा.

कच्च्या केळ्यात बहुतेक पिठूळ स्टार्च असतो. केळं पिकत जातं तशी त्याची साखर होत जाते. ठिपकेदार केळं म्हणूनच जास्त गोड लागतं आणि रक्तातली साखरही लवकर चढवतं. फ्रीझरमध्ये हे पिकणं जवळजवळ थांबतं, पण झालेली साखर काही कमी होत नाही. ज्या अवस्थेत केळं आत गेलं, त्याच अवस्थेत ते बाहेर येणार. घरात मधुमेही माणूस असेल तर त्याच्या वाट्याची केळी पूर्ण पिवळी, पण ठिपके पडायच्या आधीच बाजूला काढावीत. काळपट झालेली शिऱ्याला, घारग्यांना ठेवा.

देठाशी बुरशी धरलेलं, साल फुटून पाणी सुटलेलं किंवा आंबूस वास मारणारं केळं मात्र ठेवू नका. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते निपचित पडतात. बाहेर काढलं की पुन्हा कामाला लागतात.

साल आधीच काढायची. सालीसकट गोठवलेलं केळं काळंठिक्कर पडतं, सुरीने ती साल खरवडत बसावं लागतं आणि निम्मा गर सालीलाच राहतो. बोटाच्या पेराएवढ्या चकत्या कराव्यात, वाटल्यास थोडं लिंबू चोळावं, स्टीलच्या ताटात बटर पेपर घालून त्या एकमेकींना न चिकटतील अशा पसराव्यात. दोन-तीन तासांत कडक झाल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत भराव्यात. पिशवीतली हवा दाबून काढायची आणि वर तारीख लिहायची. ताटाची ही पायरी टाळली तर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो आणि मग एक वाटी हवी असताना अख्खा डबा बाहेर काढावा लागतो. दुधाची पिशवी धुऊन वापरायची सवय असेल तर इथे नको. तिच्या कोपऱ्यांतला तुपकट थर नीट निघत नाही. आणि शेजारी सुरमई ठेवलेली असेल तर डबा खरोखरच घट्ट हवा.

बाहेर काढल्यावर केळं तपकिरी, लिबलिबीत दिसतं. ते नासलेलं नसतं. गरातल्या पाण्याचा बर्फ होताना पेशी फाटतात म्हणून ते मऊ पडतं, आणि हवा लागली की तपकिरी रंग आणणारं विकर थंडीत मंदावलं तरी संपलेलं नसतं. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव चांगली राहते. सिंगल डोअर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी असेलच असं नाही, तेव्हा तिथली केळी दोन-तीन आठवड्यांत संपवा.

पोषणाचं म्हणाल तर फारसं काही जात नाही. १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्याच्या गरात साधारण ९० कॅलरी, १२ ग्रॅम साखर, अडीच ग्रॅम तंतू आणि ३५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. गोठवल्यावरही जवळजवळ तेवढंच. वसईकडे राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात, तिचं गणित निराळं. तिथे पाणी उडून जातं आणि साखर एकवटते.

माझी खरी तक्रार आहे मिक्सरशी. एका बैठकीत तीन केळी सोलून कुणी खात नाही, पण गोठवलेल्या तीन केळ्यांच्या चकत्या, दूध आणि वर मध असा पेला दोन मिनिटांत रिकामा होतो. वर ते ‘हेल्दी’ म्हणून नाश्त्याच्या जोडीला घेतलं जातं, नाश्त्याऐवजी नव्हे. म्हणून भरतानाच एका माणसाचा वाटा वेगळा करून भरा. मधुमेह आटोक्यात असलेल्यांना अर्धं मोठं केळं किंवा एखादं वेलची केळं पुरे. तेही चावून, मूठभर शेंगदाण्यांबरोबर. आणखी एक गंमत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात बेरीच्या स्मूदीच्या मानाने केळ्याच्या स्मूदीतून फ्लॅव्हॅनॉल हे उपयुक्त घटक शरीरात फारच कमी पोचले. कारण तेच, तपकिरी रंग आणणारं विकर. कोको किंवा बेरीसाठी मुद्दाम खर्च करत असाल तर त्यात केळं मिसळू नका, एवढाच त्याचा अर्थ.

‘डाग पडलेलं केळं कॅन्सर मारतं, त्यात टीएनएफ असतं’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप दर वर्षी नव्याने फिरतो. टीएनएफ हे प्रथिन आपल्याच शरीरात तयार होतं, ते केळ्यात नसतं. मूळ जपानी प्रयोग उंदरांवरचा होता आणि त्यात केळ्याचा अर्क टोचला होता. एवढ्यावरून कुणी उपचार पुढे ढकलू नयेत.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी नीट वाचावं. बटाटे चिरून, उकळून, पाणी फेकून दिलं की त्यातलं पोटॅशियम कमी होतं, हे तुम्हाला आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं असतं. गोठवण्याने तसं काहीही होत नाही. मूत्रपिंडं मंदावलेली असताना टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारूनच केळं खा. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर निव्वळ रक्तदाबाच्या गोळीपायी केळं सोडू नका.

दात येणाऱ्या बाळाच्या हातात गोठलेली चकती देण्याची पद्धत हल्ली दिसते. ती देऊ नका. गोल, कडक, निसरडा तुकडा घशात अडकतो. चार वर्षांपर्यंत केळं मऊ होऊ द्यावं आणि कुस्करूनच द्यावं. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या आजी-आजोबांनाही तसंच, आणि अगदी गार नको.

वितळवायचं ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. वीज बराच वेळ गेली तर डबा उघडून बघा. चकत्यांवर बर्फाचे कण असतील आणि त्या हाताला कडक लागत असतील तर राहू द्या. पाणी सुटून मऊ पडल्या असतील पण गार असतील, तर पुन्हा गोठवत बसू नका, त्याच दिवशी शिऱ्यात घाला. कोमट झाल्या असतील तर टाकून द्या.