थांबलेलं घड्याळ बिघडलेलं नसतं

बाबांच्या घड्याळाची मी फार काळजी घेतली, आणि त्या काळजीनंच ते खराब झालं. ज्यांच्या घरात वडिलांचं किंवा आजोबांचं एखादं ऑटोमॅटिक घड्याळ आहे आणि ते सतत चालू राहावं म्हणून जे वाइंडर, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवणारी पेटी, घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी हा अनुभव वाचावा.

घड्याळ एचएमटी कांचन. सोनेरी, चौकोनाकडे झुकणारं, वार आणि तारीख दाखवणारं. १९८४ मध्ये आजोबांनी ते बाबांना लग्नात दिलं. त्या काळात जावयाला कांचन देणं ही मानाची गोष्ट होती, आणि दुकानात ते सहज मिळतही नसे. बाबा तेच घालून राऊहून पिथमपूरच्या पहिल्या पाळीला जायचे. निवृत्तीनंतर सणावारी घालायचे. २०१९ मध्ये बाबा गेले आणि घड्याळ माझ्याकडे आलं. आई एवढंच म्हणाली, "चालू ठेव रे ते. ह्यांनी कधी बंद पडू दिलं नाही."

ते वाक्य मी मनावर घेतलं. माझ्याकडे आधीपासून एक सेइको ५ होतं, एक टायटनचं ऑटोमॅटिक होतं. रोज हातावर एकच घड्याळ बसतं. उरलेली दोन दीड-दोन दिवसांत थांबायची. कपाट उघडावं आणि बाबांचं घड्याळ भलत्याच वेळेवर थांबलेलं दिसावं, हे मला सहन होईना. त्यात आपल्याकडे 'बंद घड्याळ घरात ठेवू नये' हे लहानपणापासून कानावर पडलेलं. शेवटी २०२१ च्या पावसाळ्यात मी साडेसहा हजार रुपयांचा वाइंडर मागवला. काळी चकचकीत पेटी, काचेचं झाकण, आत उशीवर बसवलेली घड्याळं सावकाश गोल फिरणारी. कांचन पुन्हा टिकटिक करू लागलं. आईनं पेटी कानाला लावून ऐकलं. त्या दिवशी मला खरोखर समाधान वाटलं होतं.

सव्वादोन वर्षांनी, २०२३ च्या दिवाळीत, पाडव्याला घालायला म्हणून कांचन बाहेर काढलं. हात हलवला की आतून खरखर ऐकू येत होती. दिवसभर घालून रात्री काढून ठेवलं, तर पहाटेपर्यंत थांबलेलं. सेइको तर दिवसाला चार मिनिटं पुढे पळत होतं. दोन्ही खिशात घालून मी इंदूरला गेलो.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एक जुने घड्याळजी बसतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे लाकडी खण. त्यांनी कांचनचं मागचं झाकण उघडलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्हीच बघा." झाकणाच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा एक ओरखडा उमटला होता. तिथला धातू ताजा, चमकता दिसत होता. रोटर फिरतो त्या मधल्या जागेभोवती काजळीसारखी बारीक भुकटी जमली होती. घड्याळजी काकांनी लाकडी काडीनं ती टिपली आणि पांढऱ्या कागदावर झटकली. "हे तेल नाही," ते म्हणाले. "तेल कधीच वाळलंय. ही झिजलेल्या धातूची पूड आहे. किती वर्षं घालत होतात रोज?" मी म्हटलं, घालत नव्हतो, वाइंडरवर होतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे तेल न घालता दोन वर्षं गिरणी चालवलीत."

आत काय झालं होतं, ते त्यांनी त्या दिवशी समजावलं. पुढे मीही वाचून खात्री करून घेतली.

ऑटोमॅटिक घड्याळात सेल नसतो. आत अर्धगोल वजनदार रोटर असतो. हात हलला की तो फिरतो आणि डब्यातली मुख्य स्प्रिंग गुंडाळतो. ही कल्पना जुनी आहे. १७७० च्या दशकात अब्राहम-लुई पेरले या स्विस कारागिरानं खिशातल्या घड्याळात ती वापरली. रोलेक्सनं १९३१ मध्ये पूर्ण गोल फिरणारा रोटर मनगटी घड्याळात आणला. १९५९ मध्ये सेइकोनं 'मॅजिक लिव्हर' काढली, त्यामुळे रोटर कुठल्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंग भरते. पूर्ण भरलेलं साधारण ऑटोमॅटिक घड्याळ काढून ठेवल्यावर चाळीसएक तास चालतं, मग थांबतं. त्याची घडणच तशी आहे.

आता स्प्रिंग पूर्ण भरल्यावरही रोटर फिरत राहिला तर? ती तुटू नये म्हणून तिचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीवरून घसरेल अशी सोय केलेली असते. म्हणून ऑटोमॅटिकला जास्त चावी बसून ते मोडत नाही, हे खरं. पण प्रत्येक घसरण म्हणजे घासणं. त्या भिंतीवर खास ग्रीस असतं, ते तेवढंच झिजतं. माझं कांचन सुरुवातीला वाइंडरवरही मधेच थांबायचं, म्हणून मी फेऱ्यांचं बटण सगळ्यात वरच्या खुणेवर नेऊन ठेवलं होतं. खरी गोष्ट अशी होती की त्या घड्याळाची स्प्रिंग रोटर एकाच दिशेला फिरला तर भरते, आणि माझी पेटी बराच वेळ उलट्या दिशेला फिरत होती. मी दिशा बदलण्याऐवजी फेऱ्या वाढवल्या. घसरून घसरून डबा कोरडा पडला, स्प्रिंगची पकड गेली, आणि घड्याळ रात्रभरसुद्धा टिकेना.

दुसरी गोष्ट तेलाची. बाबांच्या घड्याळाचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं होतं, ते आईलाही आठवत नव्हतं. मी ते तसंच फिरत्या पेटीत बसवलं. अशी बरीच घड्याळं सेकंदाला सहा ठोके देतात, म्हणजे ताशी २१,६००, दिवसाला पाच लाखांहून जास्त आणि वर्षाला जवळपास एकोणीस कोटी. कपाटात शांत पडलेलं घड्याळ यातला एकही ठोका देत नाही आणि झिजतही नाही. मी बाबांच्या घड्याळावर दोन वर्षांची अखंड पाळी लावली, तीही कोरड्या चाकांवर.

तिसरी गोष्ट सेइकोची. काकांनी खणातून एक छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळाजवळ धरलं. सुई झटकन वळली. स्वस्त वाइंडरच्या मोटारीत चुंबक असतं. त्याभोवती आडोसा नसेल तर घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागतं. हे दुखणं मात्र हलकं. काकांनी एका लहान यंत्रावरून घड्याळ फिरवलं, दोन मिनिटांत ते बरं झालं.

कांचन इतक्या सहज बरं झालं नाही, त्याचे दोन भाग बदलायचे होते. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे आता नवा सुटा भाग मागवायची सोय नाही. दुसऱ्या एखाद्या बंद पडलेल्या घड्याळातूनच तो काढावा लागतो. काकांनी साडेतीन महिने शोध घेतला. दुरुस्तीला वाइंडरच्या किमतीहून जास्त पैसे गेले. पैशांचं तितकं वाटलं नाही. बाबांनी पस्तीस वर्षं जे भाग जपले, त्यातले दोन आता त्या घड्याळात नाहीत, याचं वाटतं.

काकांच्या टेबलावर मागच्या बाजूला एक चाक होतं, त्यावर दोन-तीन घड्याळं अडकवून फिरत ठेवलेली. मी विचारलं, "काका, तुमच्याकडेही वाइंडर आहे की." ते म्हणाले, "ते तपासणीला. दुरुस्त केलेलं घड्याळ नीट भरतंय का ते बघायचं आणि काढायचं. तिथं कुणी घड्याळ राहायला ठेवत नाही."

मग वाइंडर कुणीच घेऊ नये का? तसं नाही. ज्यांच्याकडे चंद्रकला दाखवणारं किंवा लीप वर्षासकट तारीख आपोआप सांभाळणारं किचकट घड्याळ आहे, त्यांना ते थांबल्यावर पुन्हा लावणं त्रासाचं असतं. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे आणि बारीक चावी धरता येत नाही, त्यांनाही त्याचा उपयोग आहे. तीन-चार ऑटोमॅटिक घड्याळं आलटून पालटून घालणाऱ्याला सकाळची सोय होते. नीट सर्व्हिसिंग झालेलं घड्याळ चांगल्या वाइंडरवर योग्य फेऱ्यांनी ठेवलं तर ते रोज घालण्याइतकंच झिजतं, त्याहून फार जास्त नाही. म्हणजे वाइंडर ही सोय आहे. घड्याळाचं आयुष्य त्यानं वाढत नाही. आणि 'चालू ठेवलं नाही तर तेल गोठतं' असं विक्रेते सांगतात, ते जुन्या काळच्या तेलांच्या बाबतीत खरं होतं. आताची कृत्रिम तेलं काही महिने पडून राहिल्यानं गोठत नाहीत.

घ्यायचाच असेल तर फेऱ्या आणि दिशा दोन्ही बदलता येतील असाच घ्या. बहुतेक घड्याळांना दिवसाला ६५० ते ८०० फेऱ्या पुरतात. घड्याळ आधी पूर्ण भरून ६५० वर ठेवा आणि तीन दिवस बघा. थांबलं तर आधी दिशा बदला. तरीही थांबलं तरच फेऱ्या वाढवा. फिरणं आणि विश्रांती आलटून पालटून घेणारी मोटार हवी, अखंड फिरणारी नको. पेटी आली की घड्याळ बसवण्याआधी चालू मोटारीजवळ होकायंत्र धरा. उशी जिथं असते तिथं सुई जोरात वळली तर पेटी परत करा. आणि जुनं, घरातलं घड्याळ सर्व्हिसिंग केल्याशिवाय कुठल्याही वाइंडरवर चढवू नका.

एक-दोन घड्याळं असणाऱ्या बाकी सगळ्यांना दोन मिनिटांची सवय पुरते. घड्याळ थांबलं असेल तर चावी पुढच्या दिशेनं हळूहळू वीस-तीस वेळा फिरवा. काही घड्याळांना हातानं चावी बसत नाही. जुन्या सेइको ५ मधलं ७एस२६ यंत्र तसंच आहे. ते आडवं धरून अर्धं मिनिट हलकेच झुलवा आणि मनगटावर बांधा, चालण्या-फिरण्यानं ते भरतं. तारीख बदलण्याआधी काटे सहावर आणा. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा जबरदस्तीनं तारीख फिरवली तर दाते मोडतात. चावी स्क्रूची असेल तर बंद करताना आधी किंचित उलटी फिरवून आटे जुळू द्या, मग सुलटी करा. आटे झिजतील म्हणून वाइंडर घ्यायची गरज उरत नाही.

ठेवताना घड्याळ पुसून, कोरड्या डबीत ठेवा. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाका. मोबाइल, स्पीकर, टॅबलेटचं चुंबकाचं कव्हर यांच्यापासून लांब ठेवा. रोज वापरातल्या घड्याळाचं पाच-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग करा. वाइंडरच्या पैशांतलं बरंचसं त्या कामी येईल, आणि घड्याळाचं खरं आयुष्य तिथंच वाढतं.

आईची समजूत घालणं मात्र बाकी होतं. कांचन घेऊन परतताना गांधी हॉलवरून आलो. १९०४ सालची ती इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा बघताना वाटलं, गावाच्या घड्याळाला थांबून चालत नाही, कारण त्याकडे अख्खं गाव बघतं. मनगटावरच्या घड्याळाला मनगट असेल तेव्हाच चालायचं असतं. घरी आल्यावर आईला म्हटलं, 'बंद घड्याळ घरात नको' हे मोडक्या घड्याळासाठी आहे, ते दुरुस्त करून घ्यावं म्हणून. हे मोडलेलं नाही, निजलेलं आहे. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग रविवारी घालत जा. तेही रात्री उशाशी काढूनच ठेवायचे."

आता कांचन दर रविवारी माझ्या हातावर असतं. मंगळवारी केव्हातरी ते थांबतं आणि पुढच्या रविवारपर्यंत कपाटात शांत पडून राहतं. वाइंडर मी विकला नाही आणि कुणाला दिलाही नाही. तुमच्या घरातलं असं घड्याळ थांबलेलं दिसलं तर घाबरू नका. ते आधी एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे न्या, आतलं तेल बघून घ्या, आणि मग हातावर बांधा. त्याला तेवढंच हवं असतं.