दाढ दुखतेय : बांबोळी गाठायची की नाक्यावरचा दवाखाना?

मंडळी, बंदी आता तोंडावर आली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. जाळी शिवायची, इंजिन खोलायचे, बोट रंगवायची, सगळ्यांच्या याद्या तयार असतील. त्या यादीत एक ओळ वाढवा : दात. हसू नका, कारण गेल्या हंगामात आमच्या जेटीवरची एक ट्रॉलर दुसऱ्याच दिवशी परत फिरली ती तांडेलाच्या दाढेपायी. बर्फ भरलेला, डिझेल भरलेले, खलाशी तयार आणि तांडेल गाल धरून केबिनमध्ये आडवा. फेरी फुकट गेली.

त्या तांडेलाचे नाव सांगत नाही, पण त्याची गोष्ट सांगायला त्याची हरकत नाही. वर्षभरापूर्वी हीच दाढ दुखली होती. तेव्हा तो एका खासगी दवाखान्यात गेला. डॉक्टरने रूट कॅनाल सांगितले आणि पहिल्या बैठकीत दुखणे थांबवले. पुढच्या दोन बैठका आणि वरची कॅप मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून हा म्हणाला, "आता दुखत नाही, मग कशाला?" आणि गेला दर्यावर. तात्पुरते भरलेले सिमेंट काही महिन्यांत निघाले, आत घाण शिरली, दाढ फुटली. शेवटी ती काढावीच लागली. पहिल्या बैठकीचे पैसे गेले, दाढ गेली आणि फेरीही गेली.

इथे काय चुकले ते नीट समजून घेऊया, कारण सरकारी की खासगी हा प्रश्न खरा इथूनच सुरू होतो. दाताच्या आत शीर असते. कीड तिथपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडते. रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीत ती शीर काढतात, म्हणून दुखणे थांबते. पण दात अजून बरा झालेला नसतो. मुळाच्या आतली नळी साफ करून कायमची भरायची असते, आणि मागच्या दाढेवर बहुतेक वेळा कॅप बसवावी लागते, कारण पोकळ झालेली दाढ चावताना फुटते. म्हणजे काम सुरू करण्याआधी विचारायचे ते एवढेच : शेवटपर्यंत किती फेऱ्या, किती पैसे, आणि ते दोन्ही आपल्याला झेपतील का? आमच्या तांडेलाने हे विचारले असते तर तो पहिल्याच दिवशी बांबोळीला गेला असता.

बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे, गोमेकॉच्या शेजारीच. आपल्यातल्या पुष्कळांना ते फक्त "विद्यार्थी दात काढतात ते इस्पितळ" म्हणून माहीत. विद्यार्थी काम करतात हे खरे, पण ते शिक्षक डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्रत्येक टप्पा दाखवून पुढे जातात. त्यामुळे वेळ लागतो. खासगीत अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला तिथे सकाळ जाईल, दोन बैठकांच्या जागी चार होतील. पण दात काढणे, रूट कॅनाल, हिरड्या, कवळी, मुलांचे दात असे सगळे विभाग एका छताखाली आहेत आणि खर्च खासगीच्या मानाने फार कमी. अगदीच फुकट असे समजून मात्र जाऊ नका. कॅप, कवळी यांचे पैसे पडू शकतात, ते काम सुरू होण्याआधी काउंटरवर विचारून घ्या. सकाळी लवकर पोचा, उशिरा गेलात तर नंबर लागायची पंचाईत.

आणि दर वेळी बांबोळीच गाठायला हवी असेही नाही. म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळे आहेत, बऱ्याच आरोग्य केंद्रांत दातांचा डॉक्टर बसतो. दात काढणे, साधे भरणे, साफ करणे एवढ्यासाठी ते पुरे. कुठल्या वारी बसतो ते आधी चौकशी करून जा. शापोऱ्याच्या किंवा कुटबणच्या माणसाला त्यात एक अख्खा दिवस वाचतो.

आता खासगीची बाजू. मी खासगीच्या विरोधात नाही. संध्याकाळी सात वाजता, जेटीवरून आंघोळ करून गेलात तरी डॉक्टर भेटतो, ही आपल्या धंद्यात मोठी गोष्ट आहे. हंगाम चालू असताना एका माणसाचा एक दिवस बुडाला तर त्याचा वाटा बुडतो. हिशेब करताना हे धरायला हवे. सरकारीत औषधोपचार स्वस्त, पण पाच सकाळी गेल्या, बसचे भाडे गेले, तर हंगामात ते काम स्वस्त राहत नाही. उलट बंदीत तुमचा वेळ मोकळा आणि खिसा रिकामा असतो, तेव्हा तेच सरकारी काम सगळ्यात परवडते. म्हणून माझे मत सरळ आहे : लांबणारे काम, म्हणजे रूट कॅनाल, कॅप, कवळी, हिरड्यांचे उपचार, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात सरकारी ठिकाणी सुरू करा म्हणजे ऑगस्टला बोट सुटेपर्यंत संपेल. हंगामात अचानक उठलेले दुखणे जवळच्या चांगल्या खासगी डॉक्टरकडे न्या.

चांगला कसा ओळखायचा? पाटी चकचकीत आहे की नाही हे बघू नका. राज्य दंत परिषदेची नोंदणी आहे का बघा, क्रमांक लावलेला असतो किंवा विचारला तर दाखवतात. एक्स-रे न काढता रूट कॅनाल सुरू करत असेल तर का ते विचारा. एकदम पाच-सहा दातांचे काम सांगितले तर घाबरून होकार देऊ नका. कागदावर लिहून घ्या : कुठला दात, काय करणार, कॅप धरून किती, बैठका किती. तो कागद आणि एक्स-रे घेऊन आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. प्रामाणिक डॉक्टर याचा राग मानत नाही. आणि मेडिक्लेमच्या भरवशावर खर्चात पडू नका. साध्या पॉलिसीत अपघात सोडला तर दातांचे काम बहुधा बसत नाही, आधी पॉलिसी वाचा.

जत्रेत, बाजारात बसून तासाभरात दात बसवून देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. शेजारच्या चांगल्या दातांना प्लास्टिक चिकटवून देतात, काढता येत नाही, साफ करता येत नाही. खाली हिरडी सडते आणि चांगले दातही हलायला लागतात.

काही बाबतींत निवड करत बसायचे नाही, सरळ बांबोळी. तंबाखू, गुटखा, मशेरी लावणाऱ्यांनी आरशासमोर तोंड उघडून बघा. आपलीच तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का? जात नसतील, तिखट लागले की तोंड भाजल्यासारखे होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, एखादी जखम पंधरा दिवसांत भरली नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. तिथे तपासणी होते, तुकडा काढून बघायचा असेल तर ती सोय आहे, पुढच्या उपचाराला गोमेकॉ शेजारी. खलाशांना हे बोट मालकांनी स्वतः सांगावे, ते आपणहून सांगत नाहीत.

दुसरे म्हणजे सूज. गाल सुजला आणि सोबत ताप, जबड्याखाली घट्टपणा, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर ते दाताचे दुखणे राहिलेले नाही. बोट वळवा, किनारा गाठा, १०८ ला फोन करून सरळ मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात न्या. अशी सूज काही तासांत घसा बंद करू शकते.

साधे दुखणे असेल तर किनाऱ्याला येईपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिले आहे तेवढीच, दारूबरोबर नाही. गोळी कुटून हिरडीवर दाबून ठेवायची जुनी सवय आहे आपल्याकडे, ती सोडा. अ‍ॅस्पिरीनने हिरडी भाजते. उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन कीड मरत नाही. दोरखंड किंवा विंचचा फटका बसून अख्खा दात निघाला तर तो मुळाला न धरता वरून धरा, घासू नका, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत डॉक्टरकडे पोचा. दात परत बसू शकतो.

डॉक्टर सरकारी असो की खासगी, बीपी, साखर, हृदयाचे दुखणे, रक्त पातळ करण्याची गोळी हे सगळे सुई मारण्याआधी सांगायचे. दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, सारखे थुंकायचे नाही, विडी-सिगारेट निदान तीन दिवस बंद. नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढण्याआधीपेक्षा जास्त दुखते.

ओडिशा, झारखंड, कर्नाटकचे खलाशी मे अखेरीस गावी जातात. त्यांचे दात जूनपर्यंत थांबवू नका, मेमध्येच जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. ज्याचे रूट कॅनाल अर्ध्यावर आहे त्याच्या हातात एक्स-रे आणि कुठल्या दाताचे काय झाले, काय राहिले हे लिहिलेली चिठ्ठी द्यायला डॉक्टरला सांगा. गावाकडचा डॉक्टर तिथून पुढे काम करू शकतो, चिठ्ठी नसेल तर पहिल्यापासून पैसे.